कार्बन डाय-ऑक्साइड व जलवायुमान : प्रारंभीचा वैज्ञानिक वाद

दगडी कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनाने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण वाढते आणि त्यामुळे पृथ्वीपृष्ठाचे सरासरी तापमान वाढते, हा सिद्धांत आज वातावरणविज्ञानात प्रस्थापित झालेला आहे. त्याची पहिली संख्यात्मक मांडणी १८९६ मध्ये झाली. तथापि त्यानंतर सु. पन्नास वर्षे बहुसंख्य तज्ज्ञ हा सिद्धांत प्रयोगाने खोटा ठरलेला आहे असे समजत होते आणि प्रमाणग्रंथांतूनही तसेच लिहिले जात होते. या दीर्घ नकारामागे केवळ पूर्वग्रह किंवा अनास्था होती असे म्हणता येत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड जेवढे प्रारण शोषू शकतो तेवढे तो आधीच शोषीत आहे; जादा वायू महासागरांत विरघळून जाईल; आणि हवेचे तापमान प्रारणाइतकेच हवेच्या हालचालींवर अवलंबून असते, असे आक्षेप घेण्यात आले होते. ते घेणारे आपापल्या विषयातील नामांकित अभ्यासक होते. यांपैकी पहिला आक्षेप सर्वांत प्रभावी ठरला. तो कोठे चुकला हे समजल्याशिवाय प्रस्तुत सिद्धांताचे मर्म लक्षात येत नाही.

पूर्वपीठिका : सूर्यापासून पृथ्वीला मिळणारी ऊर्जा मुख्यत्वे दृश्य प्रकाशाच्या व त्यालगतच्या तरंगलांब्यांची असते. पृथ्वी तुलनेने थंड असल्यामुळे ती ही ऊर्जा पुष्कळ दीर्घ तरंगलांबीच्या अदृश्य किरणांच्या, म्हणजे अवरक्त प्रारणाच्या, रूपाने अवकाशात परत टाकते. या दोन प्रकारच्या किरणांना वातावरण सारखीच वाट देत नाही, ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ झां बातीस्त झोझेफ फूर्ये (१७६८–१८३०) यांनी १८२४ मध्ये मांडली. स्विस निसर्गवैज्ञानिक ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी काचेची झाकणे लावलेली पेटी उन्हात ठेवून तिच्यातील तापमान मोजले होते. त्या प्रयोगाचा दाखला देऊन फूर्ये यांनी म्हटले की, प्रकाशरूपाने येणारी उष्णता हवेतून सहज आत येते. पण जमिनीवर शोषली गेल्यावर तिचे अदृश्य उष्णतेत रूपांतर होते व मग तिला बाहेर पडणे अवघड जाते. हवेतील कोणता घटक हे कार्य करतो याचा त्यांना पत्ता नव्हता.

या आविष्काराला पुढे ‘हरितगृह परिणाम’ हे नाव पडले व ते रूढ झाले. नाव फारसे समर्पक नाही. काचेच्या घरातील हवा तापते ती मुख्यतः तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९०९ मध्ये एका पेटीला काच व दुसरीला अवरक्त किरणांना पारदर्शक असलेल्या सैंधवाची पट्टी लावून दोन्ही उन्हात ठेवल्या. दोहोंतील तापमानांत फारच थोडा फरक पडला. वातावरणात जे घडते त्याचा काचेच्या घराशी संबंध त्यामुळे उपमेपुरताच उरतो.

अमेरिकेतील यूनिस फूट (१८१९–८८) यांनी निरनिराळे वायू भरलेली काचेची नळकांडी उन्हात ठेवून आतील तापमापकांची वाचने घेतली. साध्या हवेत पारा सु. ४१° से.पर्यंत चढला, तर कार्बन डाय-ऑक्साइडात तो सु. ५२° से.पर्यंत गेला, शिवाय हे नळकांडे थंड व्हायला कितीतरी अधिक वेळ लागला. हवेत हा वायू पूर्वी कधी अधिक प्रमाणात असेल, तर त्या काळी पृथ्वीही अधिक उष्ण असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. ऑल्बनी येथे भरलेल्या अमेरिकन वैज्ञानिकांच्या परिषदेत त्यांचा निबंध त्यांच्या वतीने जोझेफ हेन्री यांनी वाचला. फूट यांच्या प्रयोगात थेट सूर्यकिरण व अवरक्त प्रारण यांचे परिणाम वेगळे करण्याची सोय नव्हती, हे खरे. पण त्यांचे नावच पुढे दीडशे वर्षे विस्मृतीत गेले, त्याचे हे कारण खास नव्हे. २०११ मध्ये त्यांच्या निबंधाकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष वेधले गेले.

अवरक्त प्रारणाचे शोषण प्रत्यक्ष मोजण्याचे श्रेय लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील जॉन टिंडल (१८२०–९३) यांच्याकडे जाते. १८५९ मध्ये त्यांनी दोन्ही टोकांना सैंधवाच्या पट्ट्या बसविलेली पितळी नळी घेतली. एका बाजूस उकळत्या पाण्याने तापविलेले धातूचे पात्र व दुसऱ्या बाजूस तपविद्युत् चिती आणि गॅल्व्हानोमापक ठेवून त्यांनी नळीतील वायूंची शोषणक्षमता मोजली. हवेचा बहुतांश ज्यांनी बनलेला आहे ते नायट्रोजन व ऑक्सिजन या किरणांना जवळजवळ पूर्ण पारदर्शक असल्याचे आढळले. उलट ज्यांचे प्रमाण अत्यल्प आहे ती जलबाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड हीच उष्णता अडवून धरतात. त्यांच्या प्रमाणातील फेरबदलांनी भूवैज्ञानिकांना आढळलेले जलवायुमानातील पालट घडून आले असावेत, असे टिंडल यांनी १८६१ मध्ये सुचविले.

आऱ्हेनियस यांचे गणित : टिंडल यांची सूचना स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते आऱ्हेनियस (१८५९–१९२७) यांनी पुढे नेली. विद्युत् विच्छेद्यांवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. प्रस्तुत गणित त्याआधीचे असून त्याच्या मुळाशी कारखान्यांचा धूर नव्हता, तर हिमकाल होता. उत्तर यूरोप व उत्तर अमेरिका यांचा मोठा भाग एके काळी बर्फाखाली होता, हे एव्हाना मान्य झाले होते. तो का होता, हा त्या पिढीपुढील मोठा प्रश्न होता.

अमेरिकन ज्योतिर्विद सॅम्युएल लँग्ली यांनी चंद्राचे तापमान काढण्यासाठी चंद्राकडून येणाऱ्या अवरक्त प्रारणाची मापने केली होती. चंद्र क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण हवेच्या अधिक जाड थरातून येतात, तो माथ्यावर असताना कमी जाड थरातून येतात. तसेच हवा कधी दमट, कधी कोरडी असते. या फरकांवरून आऱ्हेनियस यांनी जलबाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे शोषण वेगवेगळे काढले. नंतर दर दहा अक्षांशांचा एकेक पट्टा व वर्षाचे चार ऋतू घेऊन, कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण दोन-तृतीयांश, दीडपट, दुप्पट, अडीचपट व तिप्पट झाल्यास तापमान किती बदलेल याची कोष्टके त्यांनी हाताने केलेल्या आकडेमोडीने तयार केली. हवा तापली की तिच्यात जलबाष्प अधिक मावते व ते बाष्प तापमान आणखी वाढविते, हा पुनःपरिणामही त्यांनी हिशेबात धरला होता. प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान सु. ५ ते ६° से. वाढेल आणि ही वाढ ध्रुवांकडे अधिक असेल, ते सु. ५५ ते ६२ टक्क्यांवर उतरले, तर हिमकाल येण्याइतकी, म्हणजे ४ ते ५° से. घट होईल, असे उत्तर आले. वायूचे प्रमाण भूमितीश्रेणीने वाढले, तर तापमान गणितश्रेणीने वाढते, हा नियमही या निबंधातच आहे व तो स्थूलमानाने आजही बरोबर ठरतो. १८९६ साली तो फिलॉसॉफिकल मॅगझीन या लंडनच्या नियतकालिकात छापला गेला. पुढे आपल्या लोकप्रिय ग्रंथात आऱ्हेनियस यांनी दुपटीसाठीचा आकडा ४° से.पर्यंत खाली आणला. आधारभूत मापने दुसऱ्याच हेतूने घेतलेली व सदोष होती. त्यामुळे त्यांचे उत्तर आजच्या अंदाजाच्या इतके जवळ यावे, यात योगायोगाचा भाग मोठा आहे. प्रश्नाची मांडणी मात्र योगायोगाची नव्हती.

कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण निसर्गात खरोखर बदलू शकते काय, याचे उत्तर आऱ्हेनियस यांचे सहकारी भूवैज्ञानिक आर्व्हिड हॉगबॉम (१८५७–१९४०) यांनी शोधले होते. ज्वालामुखींतून निघणारा, खडकांच्या अपक्षयात खर्ची पडणारा व चुनखडीच्या रूपाने तळाशी बसणारा कार्बन यांचा त्यांनी ताळेबंद मांडला. त्या ओघातच जगात दरसाल जळणाऱ्या सु. ५० कोटी टन कोळशाचाही हिशेब आला. या कोळशापासून होणारा वायू हवेतील एकूण कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. एक-हजारांश होता. म्हणजे सर्व वायू हवेतच राहिला असे मानले, तरी दुपटीला त्या गतीने हजार वर्षे लागली असती. त्यामुळे कोणालाही चिंता वाटली नाही. आऱ्हेनियस यांनी तर भावी पिढ्यांना अधिक सौम्य हवामान व अधिक पीक मिळेल, असे समाधान व्यक्त केले. स्टॉकहोमचा हिवाळा अनुभवणाऱ्याला तसे वाटणे साहजिक होते.

संपृक्ततेचा आक्षेप : १९०० मध्ये अप्साला येथील क्नूट अँगस्ट्रॉम (१८५७–१९१०) यांनी या गणितावर प्रायोगिक हल्ला चढविला. वर्णपटविज्ञानाचे एक संस्थापक आंडर्स अँगस्ट्रॉम यांचे ते पुत्र आणि प्रारणाच्या मापनातील अधिकारी पुरुष होते. त्यांचे साहाय्यक कोख यांनी ३० सेंमी. लांबीच्या नळीत कार्बन डाय-ऑक्साइड भरून तिच्यातून अवरक्त किरण सोडले. मग नळीतील वायू एक-तृतीयांशाने कमी करून तेच मापन पुन्हा केले. पार होणाऱ्या किरणांच्या प्रमाणात जवळजवळ काही फरक पडला नाही. सबंध वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाखाली पसरला, तर त्याचा थर दोन मीटरांहून जाड होईल. ३० सेंमी. थरातच शोषण पुरे होत असेल, तर वातावरणात ते केव्हाच पुरे झालेले असणार. मग वायू दुप्पट झाला काय आणि निम्मा झाला काय, परिणाम शून्यच. शिवाय कार्बन डाय-ऑक्साइड ज्या तरंगलांब्यांचे शोषण करतो त्यांच्यापैकी बऱ्याचशा जलबाष्पही अडविते आणि जलबाष्प हवेत कितीतरी अधिक असते.

हा युक्तिवाद सोपा होता, प्रयोगाचा आधार त्याला होता आणि तो पटण्यासारखाही होता. अमेरिकन हवामानखात्यातील विल्यम जॅक्सन हम्फ्रीज यांनी वातावरणाच्या भौतिकीवरील आपल्या लेखनात त्याचा पुरस्कार केला. हिमकालासाठी त्यांना ज्वालामुखींची धूळ हे कारण अधिक ग्राह्य वाटे. १९५१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या वातावरणविज्ञानाच्या बृहत्कोशातही ब्रिटिश जलवायुविज्ञ सी. ई. पी. ब्रुक्स यांनी हा सिद्धांत त्याज्य ठरल्याची नोंद केली व कारण तेच दिले : कार्बन डाय-ऑक्साइड जे शोषतो ते जलबाष्पानेही शोषले जाते.

यातील चूक नळीतील मापनाची नसून नळी व वातावरण यांना सारखे मानण्याची आहे. नळीत एका टोकाने शिरलेले किरण दुसऱ्या टोकाला किती पोहोचले एवढेच पाहिले जाते. वातावरणातील प्रत्येक थर मात्र शोषण करतो आणि आपल्या तापमानानुसार उत्सर्जनही करतो. खालच्या थराने शोषलेली ऊर्जा तो वर व खाली परत फेकतो, ती त्यावरचा थर शोषतो आणि असे होत होत शेवटी एवढ्या विरळ उंचीवरून ती अवकाशात सुटते की, वर तिला अडविण्यास पुरेसा वायू शिल्लक नसतो. अवकाशात जाणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण जमिनीच्या नव्हे, तर या उत्सर्जनपातळीच्या तापमानावर ठरते. सरासरीने ही पातळी सु. ५ किमी. उंचीवर असून तेथील तापमान सु. −१८° से. आहे. कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की ही पातळी आणखी वर सरकते. क्षोभावरणात वर जावे तसे तापमान दर किमी.ला सु. ६·५° से.ने उतरत असल्याने नवी पातळी अधिक थंड असते व तेथून कमी ऊर्जा बाहेर पडते. येणारी ऊर्जा तितकीच व जाणारी कमी, अशी स्थिती झाल्यावर समतोल पुन्हा साधेपर्यंत सबंध क्षोभावरण जमिनीसह तापत राहते. पातळी १५० मी. वर सरकली, तर पृष्ठभागाचे तापमान सु. १° से. वाढावे लागते. खालच्या हवेत शोषण संपृक्त आहे की नाही, याने यात काही बिघडत नाही. अंगावर एक घोंगडी असताना शरीराची एकही उष्ण झुळूक थेट बाहेर जात नाही. पण म्हणून दुसरी घोंगडी निरुपयोगी ठरत नाही.

जलबाष्पाच्या मुद्द्याचेही उत्तर उंचीतच आहे. वरची हवा अतिशय थंड व म्हणून कोरडी असते, तर कार्बन डाय-ऑक्साइड सर्व उंचींवर जवळजवळ सारख्या प्रमाणात मिसळलेला असतो. याखेरीज, १५ मायक्रॉन तरंगलांबीभोवतीचा कार्बन डाय-ऑक्साइडाचा शोषणपट्ट त्या काळच्या उपकरणांना सलग डागासारखा दिसे. प्रत्यक्षात तो सहस्रावधी बारीक रेषांचा बनलेला आहे. दाब कमी झाला की या रेषा अरुंद होतात व त्यांमधील फटींतून किरण निसटू लागतात; त्यामुळे समुद्रसपाटीच्या दाबाखालील मापन उंचावरील हवेला लागू पडत नाही.

वर दिलेले मुख्य उत्तर विसाव्या शतकाच्या मध्याची वाट पाहत थांबलेले नव्हते, ही या वादातील लक्षणीय गोष्ट आहे. स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ निल्स एकहोल्म (१८४८–१९२३) यांनी १९०१ मध्येच, म्हणजे अँगस्ट्रॉम यांच्या निबंधानंतर वर्षभरात, लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात ते स्पष्ट शब्दांत दिले होते. पृथ्वीचे प्रारण जमिनीवरून नव्हे, तर उंचावरील थरातून बाहेर पडते. शोषण वाढले की हा थर वर जातो व जमिनीच्या मानाने थंड होतो, असे त्यांनी लिहिले आहे. परंतु उंचावरील हवेचे तापमान, दाब व बाष्प यांची मापने तेव्हा तुटपुंजी होती; स्थितांबराचे अस्तित्वच १९०२ मध्ये कळले. थराथरांतून प्रारणाचा हिशेब करण्याचे गणित कोणाजवळ नव्हते. अशा वेळी प्रयोगशाळेतील नळीचे वजन कागदावरील विचारापेक्षा अधिक पडले आणि एकहोल्म यांचा लेख मागे पडला.

महासागराचा आक्षेप : महासागरांच्या पाण्यात विविध रूपांत असलेला कार्बन वातावरणातील कार्बनाच्या सु. पन्नास पट आहे. तेव्हा हवेत टाकलेला जादा वायू अखेर पाण्यातच जाईल, ही समजूत स्वाभाविक होती. शिकागो येथील भूवैज्ञानिक टॉमस चेंबरलिन (१८४३–१९२८) यांनी १८९७ ते १८९९ या काळात महासागर, खडकांचा अपक्षय व हवा यांच्यातील कार्बनाच्या देवघेवीचा सखोल विचार केला. महासागर केवळ शोषक नसून तापल्यावर वायू परतही सोडतात, हे त्यांनी ओळखले होते. तरीही प्रत्यक्ष मापनांच्या अभावी हा प्रश्न तसाच राहिला. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाची जी मापने होती त्यांत गाव, वारा व ऋतू यांनुसार एवढी तफावत असे की, त्यांवरून वाढ होते की नाही हे सांगणे दुष्कर होते.

कॅलेंडर : १६ फेब्रुवारी १९३८ रोजी रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे गाय स्ट्यूअर्ट कॅलेंडर (१८९८–१९६४) यांनी आपला निबंध वाचला. ते वाफेच्या गुणधर्मांवर काम करणारे अभियंते होते. हवामानाचा अभ्यास हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. गेल्या अर्धशतकात मानवाने इंधन जाळून हवेत सु. १,५०,००० दशलक्ष टन कार्बन डाय-ऑक्साइड सोडला व त्यातील सु. तीन-चतुर्थांश हवेतच राहिला, असा त्यांचा अंदाज होता. शोषणाच्या नव्या मापनांवरून त्यांनी याचा परिणाम वर्षाला ०·००३° से. इतका काढला, आणि जगातील २०० वेधशाळांच्या नोंदी जुळवून प्रत्यक्ष तापमान वर्षाला ०·००५° से. या दराने वाढत असल्याचे दाखविले.

निबंधावर झालेली चर्चा छापलेली असून ती मुळातून वाचण्यासारखी आहे. श्रोत्यांत सर जॉर्ज सिम्प्सन होते. १९०६ नंतर काही वर्षे त्यांनी भारतीय हवामानखात्यात सिमला येथे काम केले होते व वादळी पावसातील विद्युत् भारांवरील त्यांचे प्रसिद्ध संशोधन तेथेच झाले होते. पुढे ते ब्रिटिश हवामानखात्याचे संचालक झाले. केवळ प्रारणाचा हिशेब करून वातावरणातील तापमानाची वाटणी काढता येत नाही, ही गोष्ट या शास्त्राबाहेरून येणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, असे त्यांनी म्हटले. तापमानातील वाढ व वायूतील वाढ यांची जुळणी त्यांना योगायोगाची वाटली. इतर वक्त्यांनी जुन्या तापमापकांच्या व जुन्या रासायनिक विश्लेषणांच्या अचूकतेबद्दल शंका घेतल्या.

सिम्प्सन यांच्या बोलण्यातील वडीलकीचा सूर आज खटकतो. परंतु त्यांचा मुद्दा अस्सल होता. जमीन केवळ प्रारणाने थंड होत नाही. तापलेली हवा वर चढते, बाष्प वर जाऊन सांद्रित होते व उष्णता वरच्या थरात सोडते. हे अभिसरण वगळून केलेले कोणतेही गणित अपुरेच राहणार आणि कॅलेंडर यांचे तसे होते. त्यांनी दाखविलेल्या वाढीतही कार्बन डाय-ऑक्साइडाबरोबर नैसर्गिक चढउतारांचा वाटा होता, असे आज मानले जाते. उलट तापमानाच्या नोंदींबाबत टीकाकार चुकले. २०१३ मध्ये त्यांच्या आलेखाची आधुनिक मापनमालिकांशी तुलना करण्यात आली, तेव्हा तो त्यांच्याशी चांगला जुळत असल्याचे दिसले. हिमकाल लांबणीवर पडेल म्हणून कॅलेंडर यांनीही या तापमानवाढीचे स्वागतच केले होते. दुर्दैवाने त्यांच्या निबंधानंतर थोड्याच वर्षांत उत्तर गोलार्धातील तापमानवाढ थांबली व १९७० च्या सुमारापर्यंत तापमान किंचित उतरले. याचे एक कारण कारखान्यांतून निघणारे, सूर्यप्रकाश परतविणारे सल्फेटाचे सूक्ष्मकण होत. पण तेव्हा या घटीने सिद्धांत पुन्हा मागे ढकलला.

आक्षेपांचे निरसन : दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी गरजांमुळे अवरक्त किरणांच्या शोषणाचा बारकाईने अभ्यास सुरू झाला. कमी दाबाखालील रेषा वेगवेगळ्या दिसू शकतील अशी उपकरणे आली व थराथरांचा हिशेब करू शकणारे संगणकही आले. या दोहोंच्या साहाय्याने अमेरिकन भौतिकीविज्ञ गिल्बर्ट प्लास (१९२०–२००४) यांनी १९५६ मध्ये दाखविले की, संपृक्ततेचा व जलबाष्पाचा आक्षेप टिकत नाही. प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान ३·६° से. वाढावे. त्यांचे गणितही अभिसरण व ढग नीट विचारात घेणारे नव्हते, परंतु अँगस्ट्रॉम यांच्या नळीचा प्रश्न मिटला.

महासागराचा प्रश्न रसायनशास्त्राने सोडविला. कोळसा व खनिज तेल कोट्यवधी वर्षांचे जुने असल्याने त्यांतील किरणोत्सर्गी कार्बन (कार्बन-१४) नष्ट झालेला असतो. हान्स झ्यूस (१९०९–९३) यांना १९५५ च्या सुमारास अलीकडच्या लाकडात या समस्थानिकाचे प्रमाण घटलेले आढळले, म्हणजे इंधनाचा कार्बन हवेत पोहोचला असल्याचा पुरावा मिळाला. १९५७ मध्ये झ्यूस व रॉजर रेव्हेल (१९०९–९१) यांनी काढले की, कार्बन डाय-ऑक्साइडाचा रेणू सरासरी दहाएक वर्षांत हवेतून समुद्रात जातो. हे आक्षेपाला पुष्टी देणारे वाटते. पण समुद्राच्या पाण्याचे रासायनिक संतुलन असे आहे की, विरघळलेल्या वायूतील बराचसा भाग परत बाहेर पडतो. हवेतील वायू दहा टक्के वाढला, तर समुद्राच्या वरच्या थरातील एकूण कार्बन जेमतेम एक टक्का वाढून समतोल साधतो. खोल पाणी वरच्या पाण्यात मिसळायला शतकानुशतके लागतात, ही दुसरी अडचण. रेव्हेल व झ्यूस यांच्या निबंधात हे सर्व आहे. तथापि त्याचा अर्थ उलगडून दाखविला तो बर्ट बोलिन व एरिक एरिक्सन या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये. हेच बोलिन १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरशासकीय जलवायुमान-बदल मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. इंधनापासून व जंगलतोडीतून निघणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडापैकी निम्म्याहून थोडा कमी हवेत राहतो, असे आजच्या मापनांवरून दिसते; कॅलेंडर यांचा तीन-चतुर्थांशाचा अंदाज त्या मानाने जास्त होता.

वायू वाढतो की नाही, हा वादच चार्ल्स डेव्हिड कीलिंग (१९२८–२००५) यांच्या मापनांनी संपविला. हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीवर, सु. ३,४०० मी. उंचीवर, गावे व जंगले यांपासून दूर त्यांनी मार्च १९५८ मध्ये नोंदी सुरू केल्या. तेव्हा प्रमाण दशलक्ष भागांत सु. ३१५ भाग होते. उत्तर गोलार्धातील वनस्पती उन्हाळ्यात वायू घेतात व हिवाळ्यात परत सोडतात, त्याची नियमित लाट या नोंदींत उमटली आणि प्रत्येक वर्षीची लाट मागील वर्षीपेक्षा थोड्या वरच्या पातळीवर दिसू लागली. २०२३ मध्ये वार्षिक सरासरी सु. ४२१ भाग झाली होती.

राहिला सिम्प्सन यांचा आक्षेप. तो खरोखर किती गंभीर होता, हे म्यूनिक येथील फ्रिट्स मोलर यांनी १९६३ मध्ये नकळत दाखवून दिले. केवळ पृष्ठभागावरील प्रारणाचा हिशेब करून त्यांनी जलबाष्पाचा पुनःपरिणाम मिळविला, तेव्हा तापमानवाढीचे उत्तर कल्पनेबाहेर मोठे येऊ लागले. जपानमधून अमेरिकेत गेलेले स्यूकुरो मानाबे (१९३१– ) व त्यांचे सहकारी रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये हवेचा एकच उभा स्तंभ घेऊन त्यात प्रारण व अभिसरण या दोहोंचा समतोल साधला. सापेक्ष आर्द्रता स्थिर धरली. कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट केल्यावर पृष्ठभागाचे तापमान सु. २·४° से.ने वाढले. त्याच वेळी स्थितांबराचे तापमान मात्र उतरले. सूर्य अधिक तेजस्वी झाल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर दोन्ही थर तापले असते. म्हणून हा विरुद्ध बदल म्हणजे कारण ओळखण्याची खूणच होय. कृत्रिम उपग्रहांनी १९७९ पासून घेतलेल्या मापनांत खालचा थर तापलेला व वरचा थंड झालेला आढळला आहे. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीसाठी ज्यूल चार्नी यांच्या समितीने दुपटीसाठी १·५ ते ४·५° से. ही मर्यादा ठरविली. २०२१ च्या आंतरशासकीय अहवालात ती २·५ ते ४° से. अशी आक्रसली व सर्वोत्तम अंदाज ३° से. देण्यात आला. अनिश्चितता उरली आहे ती मुख्यत्वे ढगांच्या वर्तनाविषयी.

ज्या हिमकालासाठी आऱ्हेनियस यांनी आकडेमोड केली त्याचा पुरावा अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडला. बर्फ साचताना त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे १९८० नंतर तपासण्यात आले. गेल्या हिमकालाच्या ऐन भरात कार्बन डाय-ऑक्साइड दशलक्ष भागांत सु. १८० ते १९० भाग होता. औद्योगिक युगाच्या आरंभी तो सु. २८० भाग होता. म्हणजे हिमकालात तो नंतरच्या प्रमाणाच्या सु. दोन-तृतीयांश झालेला होता. आऱ्हेनियस यांना याहून थोडी अधिक घट आवश्यक वाटली होती. हिमकालाची सुरुवात मात्र या वायूने होत नाही. पृथ्वीच्या कक्षेतील व अक्षाच्या कलातील मंद बदलांमुळे उत्तरेकडील उन्हाळ्यातील ऊन कमी होते, बर्फ टिकून राहू लागते. मग महासागर अधिक वायू धरून ठेवतात आणि हवेतील त्याची घट थंडी वाढवीत नेते.